रक्तात कॅल्शियम जास्त, हाडं मात्र पोकळ : आईचे रिपोर्ट आणि पॅराथायरॉइड

बकुळफूल

नमस्कार मंडळी. हा धागा मी दोन वर्षांपूर्वीच काढायला हवा होता असं राहून राहून वाटतंय. जरा लांबण लागेल, पण सगळं नीट लिहिते.

आई ६१ वर्षांची, नागपूरच्या महाल भागातल्या शाळेतून निवृत्त झालेली. मार्चअखेर आम्ही कूलर काढला, जाळ्यांतली जुनी खस बदलली, आणि आई नेहमीप्रमाणे बादलीने टाकीत पाणी ओतायला गेली. बादली अर्धीच भरलेली होती. उजव्या मनगटातून आलेला ‘कट्’ असा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. ती पडली नाही, कुठे आपटली नाही. बादली उचलली, एवढंच.

प्लास्टर झालं. व्हिटॅमिन डी तपासलं तर ९ आलं, म्हणजे फारच कमी. आठवड्याला साठ हजार युनिटची एक पुडी आणि रोज कॅल्शियमच्या दोन गोळ्या सुरू झाल्या. हाडाला बळ येईल म्हणून आम्ही निश्चिंत झालो. तीन आठवड्यांत आई जास्तच खचली. तोंडाला कोरड, रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठणं, पोट साफ नाही, जेवणावरची वासना गेलेली. दुपारी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तीस वर्षं गणित शिकवलेली बाई दूधवाल्याचा हिशेब दोनदा चुकली आणि गप्प झाली. मला त्या गप्प होण्याची भीती वाटली.

फिजिशियननी पुन्हा रक्त तपासलं. कॅल्शियम ११.९ (लॅबची वरची मर्यादा १०.२), फॉस्फरस २.२, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ४.१, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) ०.९. मग पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड गाठींचं संप्रेरक, तपासायला सांगितलं. ते २१४ आलं, मर्यादा ६५ पर्यंत.

त्या रात्री आईची जुनी फाइल काढली. साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, त्यात चार वर्षांचे कागद. या चार वर्षांत तिला दोनदा मूतखडा झाला. दोन्ही वेळा कारण एकच सांगण्यात आलं : नागपूरचा उन्हाळा, पाणी कमी पिता. आम्हालाही ते पटलं, इथे कोणाला पटणार नाही? पण पहिल्या खड्याच्या वेळी कॅल्शियम १०.८ होतं आणि दुसऱ्या वेळी ११.१. दोन्ही आकडे ठळक अक्षरांत छापलेले, शेजारी बाण. ज्यांना ज्यांना आम्ही दाखवलं, त्यांतल्या एकानेही त्या बाणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि मीही शिकलेली मुलगी, मीसुद्धा फक्त साखर आणि कोलेस्ट्रॉल बघून फाइल मिटत होते.

परवा एंडोक्रिनोलॉजिस्टची, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांची, वेळ मिळाली आहे. मला समजून घ्यायचंय की रक्तात कॅल्शियम जास्त असताना हाड मोडतं कसं? आणि कोणाच्या घरी हे ऑपरेशन झालंय का?

गोरेवाडा

कॅल्शियमच्या गोळ्या आणि पुडी अजून चालू असेल तर परवापर्यंत थांबू नका. आत्ताच डॉक्टरांना फोन करून विचारा. बाकी चर्चा नंतर.

बकुळफूल

फोन केला. दोन्ही तूर्त बंद करायला आणि दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलंय. उलट्या झाल्या, भोवळ आली किंवा आई सुस्तावून पडली तर थेट भरती करा म्हणाले. मनापासून धन्यवाद, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

निवासी डॉक्टर

मी मेडिसिनची निवासी डॉक्टर आहे. तुमच्या आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे उपचार सांगणार नाही. पण ‘हाड मोडतं कसं’ याचं उत्तर द्यायला हवं, कारण वॉर्डात हा प्रश्न मला रोज भेटतो.

थायरॉइडच्या मागच्या बाजूला साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या चार गाठी असतात, त्या पॅराथायरॉइड. एकेकीचं वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. नावात थायरॉइड असलं तरी काम सर्वस्वी वेगळं. रक्तातलं कॅल्शियम एका अरुंद पट्ट्यात ठेवणं हे त्यांचं काम, कारण हृदयाचा ठोका, स्नायूंचं आकुंचन, नसांतले संदेश हे सगळं त्यावर चालतं.

तुम्ही कूलरचं लिहिलंत म्हणून तेच उदाहरण घेते. कूलरला फ्लोट बसवलेला असतो ना? पाणी खाली गेलं की फ्लोट उतरतो, गच्चीवरच्या टाकीतून पाणी येतं. पातळी भरली की तो वर येऊन नळ बंद करतो. रक्त ही कूलरची टाकी. हाडं ही गच्चीवरची टाकी, शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम तिथे आहे. पॅराथायरॉइड हा फ्लोट. रक्तात कॅल्शियम जरा कमी झालं की पीटीएच सुटतं. ते हाडातून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडाला कॅल्शियम राखायला आणि फॉस्फरस सोडायला सांगतं, शिवाय मूत्रपिंडातच व्हिटॅमिन डीला त्याच्या कामाच्या रूपात आणतं, म्हणजे आतडं अन्नातून जास्त कॅल्शियम ओढतं.

आता फ्लोट खालीच अडकला असं समजा. खाली कूलर भरून वाहतोय, वर गच्चीवरची टाकी रिकामी होत चालली आहे. रक्तात दिसणारं ते जास्तीचं कॅल्शियम बरंचसं हाडांतूनच उपसलेलं असतं. वाहून गेलेलं लघवीत उतरतं आणि तिथे खडे होतात. याला प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. दहापैकी आठाहून जास्त रुग्णांत चारांपैकी एकाच गाठीत साधी, कर्करोग नसलेली वाढ असते.

कॅल्शियम जास्त असताना निरोगी पॅराथायरॉइड गप्प बसते, पीटीएच खाली जातं. कॅल्शियम ११.९ आणि पीटीएच २१४ एकाच नमुन्यात असतील तर दोष गाठीतच असण्याची शक्यता फार मोठी. तरी लिथियम (मनोविकारावरचं औषध) किंवा थायझाइड गटाची बीपीची गोळी चालू आहे का, हे डॉक्टरांना जरूर सांगा.

आणि स्वतःला दोष देऊ नका. डी कमी असलं की आतड्यातून कॅल्शियम कमी येतं आणि रक्तातला आकडा दबलेला राहतो. आपल्याकडे हा आजार त्यामुळे बरेचदा उशिरा, हाड मोडल्यावरच कळतो.

झुळूक

हे वाचून जीव भांड्यात पडला, कारण माझं प्रकरण अगदी उलट होतं. पीटीएच ९८ आलं आणि मी रात्रभर नेटवर गाठी आणि ऑपरेशनं वाचत बसले. पण कॅल्शियम ९.१ होतं आणि डी फक्त ७. डॉक्टर म्हणाले, तुमच्या गाठी ठणठणीत आहेत, बिचाऱ्या ओव्हरटाइम करताहेत. दोन महिने दर आठवड्याला पुडी, मग महिन्याला एक. चार महिन्यांनी पीटीएच ४६. पुडी दुधातून, जेवणानंतर घ्यायची, कारण डी स्निग्धाबरोबर अंगी लागतं.

निवासी डॉक्टर

झुळूक, बरोबर. याला सेकंडरी म्हणतात. फ्लोट चांगला आहे, पाणीच कमी येतंय म्हणून तो उतरून बसलाय. मूत्रपिंड कमजोर झालेल्यांतही असंच होतं, तिथे फॉस्फरस साठतो आणि डी कामाच्या रूपात येत नाही. म्हणून नुसतं पीटीएच बघून कोणी घाबरू नये आणि नुसतं डी बघून कोणी पुड्या फोडू नयेत. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, डी आणि पीटीएच शक्यतो एकाच दिवशीच्या रक्तात बघावं. अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा खोटाच कमी दिसतो : ४ च्या खाली जेवढं कमी, त्याच्या ०.८ पट आकड्यात मिळवायचं.

अंबाडी

मला एक कळत नाही. अख्खा देश नागपूरच्या उन्हाला घाबरतो. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. आणि माझ्या ऑफिसात ज्यांनी ज्यांनी डी तपासलं, सगळ्यांचं २० च्या खाली! हे कसं काय?

तेलंगखेडी

मी भूगोल शिकवतो, म्हणून सावलीच्या बाजूने सांगतो.

त्वचेत डी तयार होतं ते उन्हातल्या अतिनील-ब किरणांनी. त्यांचा उष्णतेशी संबंध नाही, सूर्य किती वर आहे याच्याशी आहे. सूर्य कलता असला की हे किरण हवेतच अडकतात. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तरच त्या उन्हात दम आहे. सकाळी सात वाजताचं कोवळं ऊन अंगावर घेत अंबाझरी तलावावर फेऱ्या मारणारे बरेच जण आहेत. चालणं उत्तम, पण त्या वेळी सावली निदान तीन माणसांएवढी लांब असते, डी नावापुरतंच मिळतं.

नागपूर साधारण २१ अंश उत्तरेला. मेच्या शेवटी सूर्य थेट डोक्यावर येतो, भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसांत सकाळी नवाच्या सुमारासच सावली उंचीपेक्षा आखूड होते. दुपारी बाराला उष्माघाताशी झुंजायची गरज नाही, साडेनऊचं ऊनही चालतं. डिसेंबरात मात्र बरोबर मध्यान्हीलासुद्धा सावली जवळजवळ आपल्याएवढीच असते, म्हणून हिवाळ्यात गच्चीवर बसायचं तर बारा-साडेबारालाच.

आणि आपण नागपूरकर उन्हाळ्यात बाहेर पडतो कसे? डोक्या-तोंडाला दुपट्टा, डोळ्याला गॉगल, हाताला मोजे. लू लागू नये म्हणून ते बरोबरच आहे, पण त्वचेपर्यंत ऊन पोचत नाही. खिडकीच्या काचेतूनही हे किरण येत नाहीत. सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. ऊन भरपूर आहे, आपण त्यात नसतो.

वैनगंगाकाठ

माहा एक प्रश्न आहे जी. आमच्या भंडाऱ्याकडे म्हातारे लोकं सांगत, गव्हाच्या दाण्याएवढा चुना पाण्यात नाहीतर दह्यात घ्या, हाडं लोखंडावानी होतात. व्हाट्सॅपवरही तेच फिरून राहिलं. माही माय सहा महिन्यांपासून घेऊन राहिली, अन् वरून पान, त्यालाही चुना. तिले अशात लय मळमळते, तहान लय लागते. हे वाचून मले धाकधूक होऊन राहिली.

निवासी डॉक्टर

दादा, बरं झालं विचारलंत. आजच चुना थांबवा आणि उद्या आईचं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन करा.

चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्यात कॅल्शियम आहे हे खरंच, म्हणून जुन्या लोकांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. पण दाणा केवढा, हे कोणी मोजत नाही, आणि चुना तीव्र क्षार आहे. कॅल्शियम आणि क्षार दोन्ही पोटात बराच काळ जात राहिले की रक्तात कॅल्शियम चढतं, मूत्रपिंड मंदावतं आणि मग ते बाहेर टाकताही येत नाही. पानातल्या चुन्याने असं झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. खर्रा घोटतानाही चुना असतोच, तंबाखू-सुपारीचं नुकसान त्याहून वेगळं.

हाडांसाठी कॅल्शियम हवं तर नाचणी घ्या. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ज्वारीत त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंही नाही. तीळ, दूध, दही, शेवग्याचा पाला आहेच.

वैनगंगाकाठ

कॅल्शियम १२.६ निघालं. क्रिएटिनिन १.७. मेडिकल कॉलेजात भरती केलं, सलाईन चालू आहे. ताई, तुमचे उपकार कसे फेडू.

चंद्रपूरकर

आमच्या भागातली एक गोष्ट जोडतो, कारण हाडदुखी म्हटलं की सगळे सरळ डीवर येतात. चंद्रपूर, यवतमाळकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. वर्षानुवर्षं त्याहून जास्त गेलं की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे पाठ आणि मान ताठरते, खाली बसता येत नाही. एक्स-रेत हाड उलट जास्त दाट दिसतं, पण ते ठिसूळच असतं. माझ्या काकांना पाच वर्षं संधिवात म्हणून गोळ्या दिल्या. पाणी तपासल्यावर कळलं. गावाकडचा पेशंट असेल तर पाणी कुठलं पितो हे पहिल्यांदा विचारा.

बकुळफूल

वैनगंगाकाठ, आईंना लवकर आराम पडो. रोज कळवत जा.

आमचं पुढचं सांगते. एंडोक्रिनोलॉजिस्टनी चोवीस तासांची लघवी गोळा करायला लावली. लॅबने पाच लिटरचा कॅन दिला. आई सकाळची पहिली सोडून नंतरचा प्रत्येक थेंब जपत होती आणि वहीत वेळ टिपत होती, ती बाई आहेच तशी. त्यात ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम निघालं. एक आनुवंशिक प्रकार असतो, त्यात रक्तात कॅल्शियम जास्त पण लघवीत फार कमी, आणि त्यात ऑपरेशनचा उपयोग नसतो. तो वगळायला ही तपासणी.

डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजतात तो) कंबरेचा टी-स्कोअर उणे २.१, पण हाताच्या पुढच्या हाडाचा उणे ३.६. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं पोकळ होणं. या आजारात हातातलं कठीण हाड आधी झिजतं, म्हणून हात वेगळा मोजायला सांगावा लागतो. नेहमीच्या डेक्सात कंबर आणि खुबाच बघतात. कोणी करणार असाल तर चिठ्ठीवर हे लिहून घ्या.

मग सेस्टामिबी स्कॅन. शिरेतून किरणोत्सारी टेक्नेशियम लावलेलं औषध देतात आणि मानेचे फोटो काढतात, लगेच एकदा आणि दोनेक तासांनी पुन्हा. तोवर थायरॉइडमधलं औषध निघून गेलेलं असतं, वाढलेल्या गाठीत ते टिकून राहतं. दुसऱ्या फोटोत डाव्या बाजूला खाली एकच ठिपका उरला होता. आई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “एवढ्याशाने?”

दूध बंद करू का, हेही विचारलं होतं. नको म्हणाले. आहारातलं कॅल्शियम फार तोडलं तर गाठ आणखी चेकाळते. डीसुद्धा कायमचं बंद नाही, कमी मात्रेत आणि रक्त तपासत पुन्हा सुरू केलंय.

तेलंगखेडी

या गाठींचा इतिहास मी एकदा वर्गात सांगितला होता. १८५० च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक गेंडा मेला, आपल्याकडचा, भारतीय. रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं, तेव्हा थायरॉइडला चिकटलेली ही गाठ पहिल्यांदा नोंदली गेली. माणसातली १८८० मध्ये स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी दाखवली.

आणि बकुळताई, तुमच्या पहिल्या प्रश्नात तेव्हाचे डॉक्टरही अडकले होते. १९२५ मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांच्याकडे हाडं मोडून येणारा एक ट्राम कंडक्टर होता. हाडं कमजोर म्हणजे गाठ कमी पडत असणार, असं समजून त्यांनी आधी दुसऱ्याची पॅराथायरॉइड त्याच्या अंगात बसवली. काही फरक पडला नाही. मग मान उघडून वाढलेली गाठ काढली, तेव्हा माणूस सुधारला.

मोगरी

माझी सबंध थायरॉइड काढली तेव्हा या गाठींना धक्का बसला आणि माझं कॅल्शियम खाली गेलं. त्यामुळे ऑपरेशननंतरच्या रात्रीबद्दल सांगते. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या की सकाळची वाट बघू नका. बीपीचा पट्टा फुगवला की हाताची बोटं आपोआप चोचीसारखी जुळतात, तो कॅल्शियम उतरल्याचा इशारा. लाजू नका, नर्सला उठवा. आणि आई थायरॉइडची गोळी घेत असतील तर ती आणि कॅल्शियम यांच्यात चार तास ठेवा.

बकुळफूल

ऑपरेशन होऊन आज नववा दिवस.

सर्जन निवडताना मी थेट विचारलं, तुम्ही पॅराथायरॉइडची ऑपरेशनं किती केलीत? त्यांनी राग मानला नाही, नीट उत्तर दिलं. हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा.

मानेवर तीन सेंटिमीटरची चीर. ऑपरेशन चालू असतानाच पीटीएच तपासलं : आधी २३८, गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी ३१. हे संप्रेरक रक्तातून काही मिनिटांतच विरतं, म्हणून निम्म्याहून खाली आलं की योग्य गाठ निघाली असं धरतात. सर्जननी बाहेर येऊन डबीत गाठ दाखवली. तपकिरी, भिजवलेल्या राजम्याएवढी. वजन १.८ ग्रॅम. निवासी डॉक्टरांनी लिहिलेला ३० ते ५० मिलिग्रॅमचा आकडा मला तिथे उभ्या उभ्या आठवला.

दुसऱ्या रात्री दोन वाजता आईने मला हलवलं. “ओठ कुणी दुसऱ्याचे असल्यासारखे वाटतात.” मोगरी, तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर मी तिला झोप म्हटलं असतं. नर्सला बोलावलं, कॅल्शियम ७.४. शिरेतून हळूहळू कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, हृदयाचे ठोके यंत्रावर बघत. उपाशी हाडं कॅल्शियम ओढून घेतात, असं सर्जन म्हणाले. आता कॅल्शियमच्या गोळ्या आणि कॅल्सिट्रिऑल (डीचं कामाचं रूप) चालू आहे. कालचं कॅल्शियम ८.८.

आई रात्री एकदाच उठते. परवा तिने दूधवाल्याकडून महिन्याचा हिशेब मागून घेतला आणि त्याची अठरा रुपयांची चूक काढून दिली. बाबांनी कूलरला फ्लोट बसवून घेतला.

वैनगंगाकाठ

ताई, लय आनंद झाला वाचून. माह्या मायचं कॅल्शियम ९.८ वर आलं, क्रिएटिनिन १.१. पीटीएच कमी होतं, म्हणजे गाठीत दोष नाही, चुन्यानंच झालतं. गावात चार घरी जाऊन सांगितलं, बरण्या फेकायला लावल्या.

अंबाडी

हा धागा वाचून मी माझी फाइल काढली. कॅल्शियम १०.९, सहा महिन्यांपूर्वी १०.८. पीटीएच ५८, म्हणजे ६५ च्या आत. अल्ब्युमिन ४.२, डी २६. वय ४४. पीटीएच नॉर्मल आहे तर मी निर्धास्त राहू ना?

निवासी डॉक्टर

नाही. कॅल्शियम १०.९ असताना पीटीएच वीसच्याही खाली दबलेलं असायला हवं. तुमचं ५८ हे कागदावर नॉर्मल आहे, तुमच्या कॅल्शियमच्या मानाने नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस बंद ठेवून दोन्ही पुन्हा करा, काही पद्धतींत त्याने पीटीएच खोटं कमी येतं. सोबत चोवीस तासांची लघवी आणि पोटाची सोनोग्राफी, मूतखड्यासाठी. वय पन्नासच्या आत आहे, तेव्हा निदान पक्कं झालं तर त्रास नसतानाही ऑपरेशनचा विचार करतात. घाई नाही, पण या महिन्यात एंडोक्रिनोलॉजिस्टना दाखवा, आणि दोन्ही जुने रिपोर्ट सोबत न्या.

बकुळफूल

अंबाडी, त्या कॅनमध्ये सकाळची पहिली लघवी धरायची नाही, दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. आईच्या वहीतला तक्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.